दुपारी उघडणारे हात

माझे हात सकाळी साडेअकराला उघडतात. तहसील त्याच्या आधी उघडतं, बँक उघडते, आणि बेंबळीच्या स्टँडवरच्या हॉटेलातला चहा तर मी अजून कूस बदलायचा विचार करत असते तेव्हाच दोनदा उकळून झालेला असतो. उठल्यावर बोटं अर्धी मिटलेली असतात. ती सरळ करायला गेलं की कोपरापर्यंत कळ जाते. मग आई चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतते, त्यात गार घालते, बादली मोरीपाशी आणून ठेवते आणि मी मनगटापर्यंत हात बुडवून बसते. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागतो. वेणी आई घालते. मी छत्तीस वर्षांची आहे हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं एखाद्या शाळकरी पोरीची गोष्ट चाललीय.

संधिवात म्हटलं की लोकांना आपल्या आजीचे गुडघे आठवतात आणि ते लगेच एरंडेल, निर्गुडी, मेथीचे लाडू सुचवायला लागतात. मी सगळं खाऊन आणि चोळून बसलेय. हा तो वात नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं, आणि मला ते लगेच पटलं, कारण भाऊबंदकी मी लहानपणापासून बघितलेली आहे. सत्ताविसाव्या वर्षी तो बोटांत आला, मग मनगटांत, मग डाव्या गुडघ्यात. शनिवारी एक गोळी असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती घेतली की रविवारचा सबंध दिवस मळमळण्यात जातो. दुपारी बारा ते चार मात्र मी बरीच बरी असते. त्या वेळेत कुणी पाहुणा आला तर त्याला वाटतं, हिला काय धाड भरलीय.

आधी मी धाराशिवला एका खाजगी शाळेत गणित शिकवायचे. सकाळची शाळा. पहिल्या तासाला खडू हातातून पडायला लागला, तेव्हा पोरं उचलून द्यायची. मग रोज पडायला लागला, तेव्हा हसायची. हेडमास्तर भले गृहस्थ होते, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून आराम करायला सांगितलं. त्यानंतर मला इतक्या लोकांनी आराम करायला सांगितलंय की आराम हा शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरतं. मला काम पाहिजे होतं. घरात खायची आबाळ नव्हती, वडिलांची पेन्शन होती. पण सकाळी बादली, दुपारी भाजी, संध्याकाळी शेक, एवढ्यात माणसाचा दिवस संपवायचा म्हणजे तो जगला कशाला, हा प्रश्न मला रोज पडायचा.

एकदा मी मला कसलं काम जमेल ते कागदावर लिहून काढलं. दुपारी बारा ते चार. बसून. उचलापाचल नको. रविवारी सुट्टी. महिन्यातून एक दिवस सोलापूर. लिहून झाल्यावर मीच वाचलं आणि मलाच हसू आलं. सरकारी जावयालासुद्धा इतक्या अटी घालायचा धीर झाला नसता.

तरी मी हिंडले. स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं एक सेंटर होतं. मालक ओळखीतला, कॉम्प्युटर मला येत होता, खुर्ची होती. मी म्हटलं, दुपारी येते. तो म्हणाला, "ताई, लोकं सकाळीच येत्यात. दुपारी सर्व्हर बी झोपतो." म्हणून आठ दिवस सकाळी नऊला जाऊन बघितलं. एका बोटानं, तेही मधल्या, मी पीक विम्याचा फॉर्म भरायला घ्यायचे. समोर रांग लागायची. शेवटच्या दिवशी एक म्हातारे माझ्या बोटाकडं बराच वेळ बघत बसले होते. मग त्यांनी आपली कागदं हळूच ओढून घेतली, पिशवीत घातली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. म्या उद्या येतो." ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मीच गेले नाही.

मग अपंगाच्या सर्टिफिकेटचं निघालं. ते असलं की कुठं तरी बसायची जागा मिळते, झेरॉक्सचा गाळा मिळतो, असं जो तो सांगायचा. तपासणीचं शिबिर दुसऱ्या तालुक्याच्या गावी होतं. एसटीत चढायचं, दोन ठिकाणी उतरायचं, रांगेत उभं राहायचं, म्हणून मी सकाळी दुखण्याची गोळी घेतली. नंबर लागला दुपारी दोनला. टेबलापलीकडचे डॉक्टर घाईत होते, त्यांच्यापुढं दीडशे माणसं असतील. ते म्हणाले, मूठ करा. मी केली. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी करायला सांगितलं आणि ते मला जमलं, म्हणून मी ती जरा ऐटीतच केली. उघडा, म्हणाले. उघडली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. जेवढे टक्के लागतात तेवढे भरले नाहीत.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर आहेत. शिबिराला तेच सोबत आले होते आणि परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत होते. मग मान वळवून म्हणाले, "गोळी कशाला खाल्लीस?"

"न खाता गाडीत चढले असते का मी?"

"न्हाई," ते म्हणाले आणि परत बाहेर बघायला लागले. कामाला माझी सकाळ लागत होती आणि सर्टिफिकेटला पण सकाळच लागत होती. कामवाल्यांनी मला सकाळी बघितलं आणि डॉक्टरांनी दुपारी. दोघांनीही नाही म्हटलं, आणि दोघांचंही खोटं नव्हतं. मी भांडायचं तरी कुणाशी?

कवड्यांचं काम मिळालं ते सोलापूरला, डॉक्टरांच्या बाकावर. शेजारी एक जाडजूड मावशी गुडघे धरून बसली होती. तिचं तुळजापूरला देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत पूजेच्या सामानाचं दुकान. कुंकू, परड्या, ओटीचं सामान आणि कवड्यांच्या माळा. माळा ओवणारी तिची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परत आलीच नव्हती. तिनं माझी बोटं बघितली, मी तिचे गुडघे. डॉक्टर उशिरा आले, तोवर आमच्या गप्पा बऱ्याच पुढं गेल्या होत्या.

"दुपारचं बसून करायचं," ती म्हणाली. "घाई न्हाई. नवरात्राच्या आधी लागत्यात तेवढ्या झाल्या म्हंजे झालं. सुई धरता येती न्हवं?"

"दुपारी येते."

"मग दुपारीच धर की."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच तिला तिच्या गुडघ्यांबद्दल विचारत बसले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात कवडी चालत नाही. खेळायलासुद्धा नाही. अप्पांची आजी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायची. आजोबा लहानपणी तिच्या मागं मागं हिंडायचे. कुणी लांबून पीठ टाकायचं, कुणी नुसतं हाकलायचं. पुढं आजोबांनी धम्म घेतला, त्याच आठवड्यात त्यांनी देव्हारा, परडी आणि ती माळ उचलली आणि ओढ्यात सोडून दिली. पणजी काठावर बसून आरडत होती म्हणतात. ही हकिकत अप्पा दर वर्षी आम्हाला सांगायचे, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि निळ्या कोटातला फोटो, त्याखाली विहाराच्या कार्यक्रमांची यादी. पौर्णिमेला विहारात वंदना अप्पाच सांगतात. आधी ओळ त्यांनी म्हणायची, मागून सगळ्यांनी.

त्या घरात मी कवड्यांचं पोतं आणलं.

मावशी स्वतः रिक्षा करून पोतं घेऊन आली. आत आली, पाणी प्यायली, आणि मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथं ती थोडी थांबली. मी वाट बघत होते की आता ही पोतं उचलते. तिनं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "गाठ तेवढी घट्ट मार बग. माळ तुटली की माणूस लई घाबरतंय. घरात कुणाचं तरी वाईट हुणार आसं मनात घेतंय. बाकी काय बी चाललं, गाठ सुटाया नगं." एवढं बोलून ती गेली. तिनं भिंतीचा विषय काढला नाही, याबद्दल मी तिला अजून मानते.

अप्पा संध्याकाळी विहारातून आले आणि पोत्यापाशी उभे राहिले. पोत्याचं तोंड उघडं होतं.

"माझ्या आजीनं ही माळ घालून दारोदार परडी फिरवली," ते म्हणाले. "माझ्या बापानं ती ओढ्यात टाकली. आन् तू परत घरात आणतीस?"

"मी घालायला नाही आणली, अप्पा. ओवायला आणलीय."

"घरात न्हाई."

"मग मी काय करू? तुम्ही सांगा. दुपारी बारा ते चार मी काय करू?"

मी आवाज चढवला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. मग अप्पांनी पोतं उचललं. मला वाटलं, आता हे ओढ्याकडं निघाले. ते परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले, जिथं त्यांची जुनी स्कूटर आणि पाना-पकडींची पेटी असते. तिथं पोतं टेकवून त्यांनी खाटेवरचा पसारा काढला, आणि म्हणाले, "हितं बस. घरात न्हाई." स्वतः मात्र त्यांनी एकाही कवडीला हात लावला नाही.

पत्र्याखाली दुपारी जीव नकोसा होतो, पण उष्णता माझ्या बोटांना मानवते. मी रोज बाराला जाऊन बसायचे. कवड्यांची पाठ घासून आधीच भोक पाडलेलं असायचं. मेण लावलेला जाड दोरा मोठ्या सुईत घालायचा आणि एकेक कवडी ओवत जायची, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. एखादी उलटी गेली की माळ डोळ्यांना खुपते. मी गणिताची बाई, मला उलटी कवडी लांबून दिसायची. चार वाजता उठताना खाटेवर चार-पाच माळा पडलेल्या असायच्या आणि मी त्यांच्याकडं बघत उभी राहायचे. मी त्या दिवसांत सुखी होते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी मला यायचा तो थकवा दुखण्याचा नव्हता.

अडायचं ते गाठीपाशी. ओवणं जमायचं. पण शेवटची गाठ आवळायला अंगठा आणि पहिल्या बोटानं दोरा जोरात ओढावा लागतो, आणि नेमकी तीच दोन बोटं माझी मेलेली. ओढायला गेलं की दोरा निसटायचा. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून दोऱ्याचं एक टोक दातांत धरायला लागले. टोक दातांत, दुसरं मुठीत, आणि मान मागं झटकायची. गाठ अशी बसायची की बास.

तिसऱ्या आठवड्यात अप्पा शेडमध्ये पाना घ्यायला आले आणि त्यांनी ते बघितलं. पाना हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

"तोंडानं वढतीस व्हय?"

"हातानं येत नाही."

"ह्या माळा लोकं देवीच्या पायाला लावत्यात. उष्टी वस्तू देवाला चालत न्हाई त्यांच्यात."

मला हसावं की चिडावं कळेना. "तुम्ही कधीपासून देवीचं बघायला लागले?"

"म्या न्हाई मानत," अप्पा म्हणाले. "तू बी न्हाई मानत. पर जो पैसे देऊन न्हेतोय त्यो मानतोय. त्याला उष्टी माळ सोवळी म्हणून द्यायची, ही फसवणूक झाली. आपल्या आजीला लोकांनी उष्टं घातलं. आपण कुणाला घालायचं न्हाई."

माझा राग नीट उभा राहिना, कारण ते खरं बोलत होते. आणि त्यांनी असं म्हटलं नाही की, आण, मी गाठ मारतो. मला तेव्हा वाटलं होतं की ते म्हणतील. ते पाना घेऊन निघून गेले. त्यांना कवडीला हात लावायचा नव्हता, मला तोंड लावायचं नव्हतं, आणि गाठ तर मारायची होती.

त्या दिवसापासून मी बोटांनीच गाठी मारल्या. दुहेरी मारल्या, तिहेरी मारल्या. टोकाला मेणबत्तीचं मेण टाकलं. हलकेच ओढून बघितलं तर पक्क्या वाटायच्या. पण माझं ओढणं ते काय आणि किती. ज्या हातांना गाठ आवळता येत नाही त्यांनाच मी ती तपासायला लावत होते. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं, पण मी मावशीला फोन केला नाही. काम जाईल या भीतीनं मी गप्प बसले. इथं चूक माझी आहे आणि ती मी दुखण्यावर ढकलणार नाही.

फोन तिचाच आला. देवळाच्या पायऱ्यांवर एका घरच्यांनी नव्या सुनेच्या गळ्यात माळ घातली आणि चार पायऱ्या उतरल्या नाहीत तोच ती सुटली. कवड्या गडगडत खालपर्यंत गेल्या. पोरगी पाच महिन्यांची पोटुशी. ती तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली, सासू कवड्या गोळा करत सुटली, आणि मग सगळं बिऱ्हाड दुकानावर आलं. मावशी फोनवर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "म्या उद्या येते."

माळ सुटल्यानं कुणाचं काही होतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण ती पोरगी घाबरली होती आणि ती माझ्या बोटांमुळं घाबरली होती, यात विश्वासाचा प्रश्न नव्हता. तिच्या पोटातल्या लेकराला काही झालं तर ते लोक जन्मभर त्या माळेचं नाव काढतील. तो दिवस मी अंथरुणावर काढला. आई विचारत होती, बोटं दुखतात का. मी हो म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा साडेबारा वाजले होते. माझे हात उघडे होते, त्याचा काही उपयोग नव्हता. ती शेडमध्ये खाटेवर बसली आणि तयार माळा एकेक करून दोन्ही हातांनी ओढून बघायला लागली. पहिली राहिली. दुसरी सुटली. तिसरी, चौथी राहिली. पाचवी सुटली. प्रत्येक वेळी कवड्या खाटेखाली, स्कूटरखाली पळत होत्या. मला वाकून त्या गोळा करता येत नव्हत्या, म्हणून मी उभी राहून बघत होते. दाराशी अप्पा येऊन उभे होते. त्यांच्यासमोर हे चाललं होतं याची मला जास्त लाज वाटत होती.

"मला तुजं कळतंय गं," मावशी म्हणाली. "माजंच आंग मला साथ देत न्हाई. पर गिऱ्हाइकाला काय सांगू? बाईची बोटं दुखत्यात म्हणून माळ तुटली, आसं सांगू?"

मी नाही म्हटलं. तिनं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. मी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार होते? माझ्याकडं म्हणण्यासारखं एकच वाक्य होतं, की मला हे काम पाहिजे. ते पाहिजे असण्यानं गाठ घट्ट होत नाही.

तेवढ्यात अप्पा आत आले. ते खाली वाकले, स्कूटरखाली हात घालून त्यांनी मूठभर कवड्या बाहेर काढल्या आणि खाटेवर ठेवल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या हातात घेतल्या. मग पेटीतून बारीक पकड काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, सुटलेल्या माळेच्या कवड्या ओवून मला दोरा धरायला लावला आणि एक गाठ मारली. एक टोक पकडीत, एक बोटाला गुंडाळून. कट्ट असा आवाज आला.

"वढून बगा," ते मावशीला म्हणाले.

तिनं ओढली. खाटेच्या खुराला अडकवून ओढली. गाठ सुटली नाही.

"ऱ्हाऊ द्या पोतं," अप्पा म्हणाले. "गाठी म्या मारतो."

मावशी गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला नको होतं ते." ते म्हणाले, "तुला तरी कुठं पायजे होतं हे दुखणं." आणि पकड पेटीत न ठेवता खाटेवरच ठेवली.

त्यानंतर रोज बाराला आम्ही दोघं शेडमध्ये बसायला लागलो. मी ओवायचे, ते आवळायचे. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात नीट चाललेलं काम होतं आणि त्यातलं निम्मं माझं नव्हतं. एके दुपारी विहारातले त्यांचे जुने सोबती त्यांना शोधत परसात आले. माळ अप्पांच्या मांडीवर होती, पकड हातात. ते गृहस्थ दारातच थांबले. मी तोंड उघडणार, माझं काम आहे म्हणून सांगणार, तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "माजंच हाय हे. रिकामं बसून हात शिवशिवत्यात. पोरगी उगं मदत करती." गृहस्थ हसले, बसले नाहीत, कार्यक्रमाबद्दल दोन शब्द बोलून गेले. त्यांनी कुठं काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या पौर्णिमेला अप्पा विहारात पुढं गेले नाहीत. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. पुढच्यांनी दोनदा मान वळवून बघितलं. अप्पांनी तुम्हीच घ्या अशी खूण केली आणि वंदना दुसऱ्यानं सांगितली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला त्यांचा आवाज मागून येणाऱ्या आवाजांत वेगळा ओळखता येईना.

नवरात्र जवळ आलं तशी मावशीची मागणी वाढली. बारा ते चारचं बारा ते सहा झालं. मला चारच्या पुढं होत नाही, मी खाटेवर आडवी व्हायचे आणि अप्पा माझ्या ओवून ठेवलेल्या माळांच्या गाठी मारत राहायचे. कट्ट, कट्ट असा आवाज येत राहायचा. अप्पा एकाहत्तर वर्षांचे आहेत.

परवा सकाळी मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. कशीबशी उठून मोरीकडं गेले. अप्पा तिथं पाटावर बसले होते, माझी बादली पुढं होती आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात होते. डोळे मिटलेले. मला बघून त्यांनी हात झटकन बाहेर काढले. उजव्या हाताची बोटं अर्धी मिटलेलीच बाहेर आली.

"पाणी बगत हुतो," ते म्हणाले. "तुज्यासाठी. लई कडत हाय का म्हणून."

ते पाटावरून उठले आणि मला जागा दिली. मी बसले, हात बुडवले. पाणी बऱ्यापैकी गार झालं होतं, म्हणजे ते बराच वेळ बसले असणार.

ती सकाळ मी मावशीचा नंबर काढून फोन हातात धरून काढली. मी काम सोडलं तर त्यांचे हात वाचतात. काम सोडलं तर मी परत बादली, भाजी आणि शेक. मी किती वर्षं काम शोधलं, आणि ते मिळालं तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाला कामाला लावून बसले, ज्यानं उभ्या जन्मात कवडीला हात लावला नव्हता. फोन करायला हवा, हे मला स्पष्ट दिसत होतं. साडेअकरा वाजले, बोटं उघडली, नंबर दाबता आला असता. मी दाबला नाही.

बाराला शेडमध्ये गेले तेव्हा अप्पा आधीच खाटेवर बसले होते. पकड डाव्या हातात घेतली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आण दोरा," ते म्हणाले.

मी दिला.